आभाराच्या मिस्सासाठी दोन ओळी

शुक्रवार, संध्याकाळ

आयुष्यभर वेळेवर मजकूर दिला, आज दोन ओळी होत नाहीत. शेजारच्या फिलोमिनाला मुलासाठी चर्चमधल्या आभाराच्या मिस्साची, म्हणजे प्रार्थनाविधीची, सूचना हवी आहे: "देवाच्या कृपेने आमचा ज्योएल अपघातातून वाचला." राजोडीच्या वळणावर त्याच बाईकवर मागे माझ्या बहिणीचा मुलगा रॉबिन होता. तो गेला. मग कृपा एकाच सीटपुरती होती का? 'कृपेने' खोडलं, लिहिलं, परत खोडलं.

बहीण आली, कागद वाचला. "एवढा मोठा लेखक, आणि हा शब्द का खोडलास, दादा?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी नको. ज्योएल वाचला ती कृपाच. तीही नाही म्हटलं, तर माझा रॉबिन मी कोणाच्या हाती दिला?"

शब्द लिहिला. अर्थ कळलेला नाही. रविवारी मिस्सात तो मलाच वाचायचा आहे, आणि ती पहिल्या बाकावर बसणार आहे.