शर्यतीतला लाल दिवा

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कमरेनं परवानगी दिली तितकाच वाकलोय, उरलेला धरून चाल). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचं घोरणं अजून भिंतीपलीकडे ऐकू जातं का? आणि तुझ्याकडे राहणारी आमची कन्या वेळेवर जेवते ना? तिलाच विचारलं असतं, पण चार महिने झाले, बाईसाहेब माझा फोन घेत नाहीत. व्हिडिओ गेम बाजारात येण्याआधी खेळून त्यातल्या चुका काढायच्या, ही तिची नोकरी. त्या नोकरीबद्दल मी चारचौघांत काहीतरी बोललो, एवढंच. असो.

मंगळवारी रजा टाकली आणि तिचं इथे राहिलेलं खेळाचं यंत्र टीव्हीला जोडलं (जोडलं तुझ्या भावजयीनं; वायर कुठे कुठे बसत नाही, ते मी शोधून दिलं). पहिला गेम निघाला गाड्यांच्या शर्यतीचा. म्हटलं, हे तर आपलं राज्य! सव्वीस वर्षं परवान्याच्या कचेरीत शेजारच्या सीटवर बसून लोकांना नापास करतोय. आधी सीटबेल्ट शोधला, तो नव्हताच. पुढच्या चौकात लाल दिवा दिसला, थांबलो. बाकीच्या अकरा गाड्या सुसाट निघून गेल्या. दिसले तेवढे नंबर टिपून घेतले (सवय). वळताना इशारा द्यायला बटण सापडेना, म्हणून सोफ्यावरून हात बाहेर काढून दाखवला, त्यात चहाचा कप गेला. बारावा आलो. नियमानं गाडी चालवणारा मी एकटाच होतो, असं हिला समजावू लागलो, तर म्हणाली, "बाकीच्यांना परवाने तुम्हीच दिलेले दिसतायत."

मग मारामारीचा गेम. त्याला दोघं लागतात, म्हणून हिला बसवलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण इतक्या एकाग्रतेनं तिनं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. सहा वेळा लोळवलं, आणि सातव्या वेळी मीच भाजी चिरायला जातो म्हणालो. त्यानंतर शेतीचा गेम. त्यात एक गाय आहे. भूक लागली की ती मान वळवून अशी बघते की माणसाला स्वतःचं जेवण सुचत नाही. आमची ती भाजी त्या नादात करपली (गाय मात्र जेवली).

शेवटी कन्येच्या कंपनीचा गेम लावला. एक इवलासा दिवेवाला डोंगर चढतो, वाटेत मोडका झुलता पूल. त्या पुलावरून मी त्रेचाळीस वेळा पडलो. पहिल्या दहा वेळा पुलाला शिव्या दिल्या, पुढच्या वीस वेळा कंपनीला. मग मनात आलं, हा पूल नीट आहे की नाही हे बघायला आमची पोर इथून किती वेळा पडली असेल? आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून परत पडायला गेली असेल! संध्याकाळी एकदाचा पोचलो माथ्यावर, तर पडद्यावर नावं सरकू लागली. चुका शोधणाऱ्यांत सातवं नाव आमच्या पोरीचं. डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणून चष्मा पुसला, तोवर नाव वर निघून गेलं. ते पुन्हा बघायला अख्खा डोंगर पुन्हा चढलो.

बाकी क्षेम. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता.क. हे पत्र वाचून झालं की जेवणाच्या टेबलावर उघडंच राहू दे. तुझी भाची दुसऱ्याचं पत्र वाचल्याशिवाय राहायची नाही, माझ्यावरच गेलीय. मी सांगितलं म्हणू नकोस.

ता.क. २. पोरी, वाचते आहेसच तर ऐक. "खेळायचा पगार मिळतो, उद्या झोपायचाही मिळेल," असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. सगळे हसले आणि तू ताटावरून उठलीस. मला दिसलं होतं, तरी मी हसत राहिलो. चुकलं माझं. हे दोन शब्द लिहायची माझ्या हाताला सवय नाही, म्हणून अक्षर असं आलंय.

ता.क. ३. वन्सं, हे अक्षर माझं. पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्या हातात दिलं, तिथेच फसले. फोनवर पोरीला सगळं वाचून दाखवलं. सहीपर्यंत खिदळत होती, मग नाक ओढायला लागली. शनिवारी येतेय. यांना सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. तिनं चार महिने काढले, हे चार दिवस काढतील.