गुलदेनच्या घरासाठी एक बरणी

१४ ऑगस्ट
आज सकाळी गच्चीवर माझं आयुष्य बदललं. शेजारच्या गुलदेननं कठड्यावरून हात घालून माझा एक टोमॅटो उचलला, खाल्ला, हनुवटीवरचा रस कोपरानं पुसला आणि म्हणाली, दावूत, कॉलेज सोडून निदान एक काम तरी धड केलंस! अदानाच्या कॉलेजातल्या एकाही प्रोफेसरनं माझं असं कौतुक केलं नव्हतं. (रोपं आईनं दह्याच्या डब्यांत वाढवली हे खरं. पण अंगणातले खड्डे मी खणले.)
निश्चय : यंदा हिवाळ्यासाठी टोमॅटोची पेस्ट मी एकटा करणार. आईची छाती खराब आहे, तिनं फक्त पडून राहायचं.

१६ ऑगस्ट
रस गाळून परातींत उन्हाला ठेवला. आई खालून ओरडत होती, मीठ घाल रे, हात आखडू नकोस! गुलदेनच्या वडिलांना ब्लडप्रेशर आहे. सासुरवाडीचा विचार आत्तापासून करायला हवा. चिमूटभरच घातलं. आईला बोललो नाही.

१७ ऑगस्ट
मुकद्देसमावशी, म्हणजे गुलदेनची आई, वर येऊन म्हणाली, काय लाल झालीय रे! आमच्या गुलदेनच्या घरासाठी एक बरणी ठेव हं. नव्या नवरीच्या घरी गल्लीतला प्रत्येक जण बरणी देतो, ते ठाऊक आहे. पण पहिली मागणी माझ्याकडे! होकार आणखी कसा देतात? आईला सांगितलं. ती बराच वेळ खोकली. आनंदानं.

१९ ऑगस्ट
आई म्हणाली, अरे राजा, तिला मेर्सिनला दिलीय. मुलगा बंदरावर क्रेन चालवतो. अख्ख्या गल्लीला माहीत आहे, तूच कुठल्या जगात असतोस? मी तिच्यावर ओरडलो. चप्पल मांजरावर फेकली.
निश्चय : गुलदेन स्वतः येऊन हे खोटं आहे म्हणेपर्यंत गच्चीवर पाऊल ठेवणार नाही.

२१ ऑगस्ट
गेलो नाही. आई सारखी म्हणते, सकाळ-संध्याकाळ ढवळायला हवं, दव पडायच्या आत झाकायला हवं. बजावलं, कुणीही वर जायचं नाही!

२२ ऑगस्ट
गुलदेन अजून आली नाही. कामात असेल.

२३ ऑगस्ट
आई मिठाची पिशवी घेऊन स्वतःच वर गेली. शेवटच्या पायरीवर बसलेली सापडली, ओठ निळे. पाठीवर घेऊन उतरवलं. काहीच वजन नाही तिला. कानाशी म्हणाली, वरची बुरशी काढ, खालचं वाचेल.
वर पांढरी, खाली हिरवी. आंबलेल्या दारूचा वास. काही वाचलं नाही.

२५ ऑगस्ट
हॉस्पिटल. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून तिनं विचारलं, पेस्ट? म्हटलं, बरण्या भरल्या. म्हणाली, मग हिवाळ्याची काळजी मिटली.

२८ ऑगस्ट
आई घरी आली. आल्या आल्या म्हणाली, बरणी दाखव.
तेवढ्यात दारात गुलदेन. बोटात अंगठी, हातात बरणी. हळूच म्हणाली, आमच्यातली घे, मावशीला सांग तुझीच आहे. तुझी सडल्याचा वास कधीचा येतोय आमच्या गच्चीवर. आणि जाताना : लग्नाला नक्की यायचं हं, दावूतदादा.
दादा.
बरणी आत नेली. आईनं बोट बुडवून चाटलं. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, मीठ अगदी बरोबर पडलंय. शिकलास रे बाळा.
म्हटलं, टोमॅटोंना पाणी घालून येतो. वेली कधीच्या वाळल्यात, ते तिला खिडकीतून दिसतं.
मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.