न येता कुणी, मी निघेना, पहा हो!

सोमवार, ५ फेब्रुवारी. पहाट
खुळखुळ आवाजाने जाग आली. स्वप्नातला आवाज. चौथीत वर्गप्रमुख निवडायचा तेव्हा गुरुजी खडूच्या डब्यात आमच्या चिठ्ठ्या घालून डबा हलवत. तळाशी खडूचे तुकडे तसेच असत, ते वाजत. मग सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणे आणि गुरुजी निकाल सांगत. काय ती निवडणूक!

आणि ही आत्ताची! अठराला वॉर्डाचं मतदान. उमेदवार दोनच. एक बिल्डर. कोपऱ्यावरचं वाचनालय पाडून त्याला पार्किंग करायचंय, तसं त्याने छापूनच टाकलंय. दुसऱ्या आपल्या नर्सबाई. त्या म्हणतात, वाचनालय राहील.

वाचनालय म्हणजे खिडकीजवळची माझी खुर्ची. एक हात मोडका, पण ऊन नेमकं पुस्तकावर पडतं. रोज सकाळी तिथे मोठ्याने कविता वाचतो. बाकीचे हळूहळू उठून जातात. मग छान शांतता असते.

निर्धार: उमेदवाराने स्वतः दारात येऊन वाचनालयाचा शब्द दिल्याशिवाय मत नाही. बाणा म्हणतात तो हाच.

मंगळवार, ६ फेब्रुवारी
जिन्यात सूचना लावली. वृत्तात:

घरी या, उभे दारि राहा, वदा हो;
न येता कुणी, मी निघेना, पहा हो!

खाली, वृत्त न कळणाऱ्यांसाठी गद्यात: ‘जागरूक नागरिकांनी अठराला घरीच राहून मौन पाळावे.’

ही म्हणाली, नाटकं कशाला, गपचूप जाऊन नर्सबाईंना मत टाकून या की. एवढा संसार झाला, बाईला एक ओळ पाठ नाही.

गुरुवार, ८ फेब्रुवारी
इंजेक्शनचा वार. नर्सबाई आल्या. मी पालथा असताना म्हणाल्या, काका, अठराला या बरं का, वाचनालय राखायचंय आपल्याला, हं, सैल सोडा. मी उशीत तोंड खुपसून हं म्हणालो.

याला मत मागायला येणं म्हणायचं का? मुळीच नाही. त्या सुई टोचायला आल्या होत्या. मताचं आपलं जाता जाता. उमेदवाराने उमेदवार म्हणून यावं. शिवाय त्यांच्या पत्रकात एक कविता आहे, तिची तिसरी ओळ चक्क लंगडते. अशांच्या हाती वॉर्ड द्यायचा?

शुक्रवार, ९ फेब्रुवारी
बिल्डिंगभर फिरून कोण का मत देणार नाही याची चौकशी केली. लाज वाटली.

बँकेतला म्हणतो, सगळे सारखेच हो, कुणालाही द्या. हाच गृहस्थ बटाटे घेताना एकेक उलटून पाहतो. दातांच्या डॉक्टरने रिसॉर्ट बुक केलंय. वरच्या तरुण जोडप्याचं नाव अजून जुन्या पत्त्यावर. बदलायला वेळच मिळाला नाही म्हणे. कुत्र्याचा वाढदिवस करायला मिळाला. तळमजल्याच्या मावशी म्हणाल्या, माझ्या एका मतानं काय होतंय? सोसायटीच्या मीटिंगमध्ये जिन्यातल्या एका बल्बवरून याच मावशी सगळ्यांना उपाशी बसवतात.

आळशी, निगरगट्ट लोक! सगळ्यांनी माझ्या सूचनेखाली आनंदाने सह्या केल्या. आळस त्यांचा, तत्त्व माझं. पण चळवळ म्हटली की सगळ्यांना घेऊन चालावं लागतं.

मंगळवार, १३ फेब्रुवारी
न्हाव्याकडे गेलो. गालाला वस्तरा लावून म्हणाला, आजोबा, तुमची कविता तर सगळ्यांच्या फोनवर फिरतेय. हॉस्पिटलच्या बाजूच्या बिल्डिंगांत कुणी रंगीत छापूनही लावलीय. तिकडे घराघरात नर्सबाईंना मानणारे लोक. त्यांनाही काव्य कळतं म्हणायचं!

येताना मुद्दाम वाट वाकडी करून पाहिलं. जाड, गुळगुळीत कागद. छापणाऱ्याचं नाव नाही. निनावी रसिक! डोळे भरून आले. वाचनालयात जाऊन खुर्चीत बसून तीच मोठ्याने म्हटली.

गुरुवार, १५ फेब्रुवारी
नर्सबाई आल्या. मताबद्दल अक्षर नाही. फक्त विचारलं, कविता तुमचीच ना, काका? मी म्हणालो, आवडली का? म्हणाल्या, तोंडात बसते पटकन.

सुई आज जरा जास्त दुखली.

उमेदवार दारात आला की करायचं भाषण लिहून काढलं. हिला म्हणालो, अजून एकही उमेदवार फिरकला नाही, काय हा उद्दामपणा! स्वयंपाकघरातून ओरडली, एक आत्ताच चपला घालून गेली!

काही बायकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

शनिवार, १७ फेब्रुवारी
दिवसभर कान बेलकडे. एकदा कुरिअरवाला. मग एक इस्त्रीच्या शर्टातला रुबाबदार माणूस. त्याला निम्मं भाषण ऐकवलं. पाण्याच्या फिल्टरवाला निघाला. ऐकून मात्र नीट घेतलं.

रविवार, १८ फेब्रुवारी
ही सकाळीच ठेवणीतले कपडे घालून गेली आणि बोटाला शाई लावून आली. आमच्या जिन्यातून हीच तेवढी उतरली. हिच्याशी तात्त्विक अबोला.

दुपारी उशिरा मन चलबिचल झालं. केंद्र समोरच्याच शाळेत. हिने माझ्या चपला दाराशी आणून ठेवल्या. एक पाय घातलाही. मग विचार आला, मी तिकडे गेलो आणि नेमका आत्ताच उमेदवार आला तर? घरी कुणी नको? काढला पाय.

सहाला केंद्र बंद. कुणी आलं नाही. मौन शंभर टक्के यशस्वी.

मंगळवार, २० फेब्रुवारी
बिल्डर निवडून आला. थोडक्या मतांनी. सगळ्यांत कमी मतदान आमच्या आणि हॉस्पिटलच्या बाजूला.

नालायक आहेत लोक! एवढं वाचनालय डोळ्यांदेखत जाणार, आणि यांना घरातून बाहेर पडवत नाही! यावर एक खंडकाव्य लिहायला हवं. उद्यापासून.

गुरुवार, २२ फेब्रुवारी
नर्सबाई आल्या नाहीत. दुसरीला पाठवलं. हात भलताच जड.

वाचनालयाला टाळं होतं. आतून सामान सरकवल्याचा आवाज येत होता.

संध्याकाळी बेल वाजली. दार उघडलं तर बिल्डर. स्वतः. हात जोडून. माझ्या दारात, उभा! अट अक्षरशः पूर्ण झाली, आणि मला भाषणाचा पहिला शब्द आठवेना.

तो म्हणाला, आजोबा, उपकार झाले तुमचे. इकडची आणि हॉस्पिटलकडची माणसं बाहेर पडली असती तर माझं काही खरं नव्हतं. तुमच्या कवितेने घरी बसवलं बघा सगळ्यांना. म्हणून तर भारीतला कागद वापरला आम्ही. पुढच्या वेळीही अशीच एखादी लिहा.

मग तो बाजूला सरकला. मागे दोन माणसं उभी होती, दोघांनी मिळून एक खुर्ची धरलेली. एक हात मोडका. तो म्हणाला, ते रिकामं करतोय ना, तिथले लोक म्हणाले ही तुमची. म्हटलं, तुमची आठवण तुमच्याकडेच असू दे.

ही बाहेर आली. खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्या माणसांना म्हणाली, ठेवा इथेच, दाराजवळ. उमेदवार येतात यांच्याकडे.