खालचा खण

जेल रोड, नाशिकरोड
३१ जुलै २०२२

प्रिय लिलीवन्स,

शालोम. तुमच्या गुडघ्याला उतार असेल असं धरून चालते. इथे मी ठीक. पाऊस सारखा चालू आहे. भिंतीला ओल आली म्हणून पुस्तकांची दोन्ही कपाटं वीतभर पुढे ओढून घेतली.

लायब्ररीचा कागद दर महिन्याला हे तुम्हाला पाठवायचे. नवीन काय आलं, काय दाखवणार, कोण बोलणार. नऊ महिने तो गेला नाही. माझं अक्षर तुमच्या भावासारखं नाही, पण आता तरी खंड मोडावा म्हणून लिहायला बसले.

नवीन पुस्तकं तीन. ठाण्याहून आली. एक आपल्या रेल्वेतल्या माणसांच्या आठवणींचं आहे, त्यात इगतपुरीच्या लोको शेडचा फोटो आहे. मामंजी त्यात असतील म्हणून भिंग घेऊन पाहिलं, पण चेहरे ओळखू येत नाहीत. दुसरं आपल्या स्वयंपाकाचं. तिसरं लहान मुलांसाठी, सणांच्या गोष्टींचं. हे तिसरं सगळ्यात जास्त शेजारच्या मुलांनी नेलं. आपली यहुदी घरं इथे पाचच उरली, पण ह्यांनी रिटायर झाल्यावर पुढच्या खोलीत कपाटं मांडली तेव्हापासून दार सगळ्यांनाच उघडं आहे. सभासद तेवीस आहेत.

मागच्या रविवारी एक माहितीपट दाखवला. कोकणातल्या आपल्या लोकांच्या तेलाच्या घाण्यांवरचा. चाळीस मिनिटांचा. शेजारच्या अंजलीबाई (शाळेतून निवृत्त झाल्यात, ह्यांच्यानंतर लायब्ररीत मला त्यांचाच आधार) बैल दिसल्यावर म्हणाल्या, "हन्नाताई, तुमचे पूर्वज शनिवारी बैलालासुद्धा सुट्टी द्यायचे? आमच्या हेडमास्तरांना हा सिनेमा दाखवायला हवा होता." सगळे हसले. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

तुमचा फोन झाला त्या दिवशी नीट बोलता आलं नाही. तुम्ही म्हणालात, "हन्ना, तू बोलतेस की उंदीर? जोरात बोल!" तुम्हाला ऐकू कमी येतं हे मला माहीत आहे, पण माझा आवाजही त्या दिवशी निघत नव्हता. तुम्ही येताय हे ऐकून आनंद झाला. ह्यांना जाऊन वर्ष होईल ते आपल्या तिथीने वीस नोव्हेंबरला, रविवारी येतं. सकाळी इगतपुरीला कबरीवर जाऊन यायचं आणि संध्याकाळी लायब्ररीत सासूबाईंच्या वहीतली पदं म्हणायची, असं बेनीकाकांनी ठरवलंय. त्यांनी मला विचारलं नाही. विचारायचं काय, ते आपल्यातले वडीलधारे. ह्यांचीही तशी इच्छा होतीच.

वहीचं तुम्ही दोनदा विचारलंत. आहे.

गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
हन्ना


४ सप्टेंबर २०२२

प्रिय लिलीवन्स,

शालोम. इथे गणपती बसलेत. आमच्या गल्लीतलं मंडळ आपल्याकडून दर वर्षी नेतं त्या वीस खुर्च्या घेऊन गेलं, त्यामुळे या महिन्यात सिनेमा नाही. एक पुस्तक नवीन आलंय, इंग्रजी, जाडजूड. अजून कुणी उघडलं नाही.

कार्यक्रमाची पत्रिका बेनीकाकांनी छापूनसुद्धा आणली. पन्नास प्रती. वर मोठ्या अक्षरात "आईची वही". खाली तुमचं नाव, "खास परदेशातून, लोदहून". मी म्हटलं, "काका, जरा घाई झाली." तर म्हणाले, "घाई? माझं वय एक्याऐंशी आहे, हन्ना. मी केळीसुद्धा कच्ची घेत नाही."

तुमच्या नातीच्या फोनवरून निरोप मिळाला. योसेफाच्या पदाच्या पानाचा फोटो पाठवायचा आहे. तुम्ही दहा वर्षांच्या असताना त्या पानावर दौत सांडलीत आणि सासूबाईंनी न रागावता त्या डागाला डोळा आणि शेपटी काढून त्याचा मासा केला, ते नातीला दाखवायचंय. माझ्या लक्षात आहे तो मासा.

फोटो सध्या पाठवता येत नाही. वही शिवण उसवली म्हणून बाईंडरकडे दिली आहे. समाधान म्हणून आहे एक, देवी चौकाजवळ. काम चांगलं करतो, पण वेळ लावतो. सणामुळे दुकान बंद आहे. तुम्ही काळजी करू नका.

तिकीट काढलंत का? काढलं नसेल तर एवढ्यात घाई करू नका. नोव्हेंबरमध्ये इथे थंडी पडते, तुमच्या गुडघ्याला सोसेल का, हेही पाहा.

तुमची,
हन्ना


२८ सप्टेंबर २०२२, बुधवार

प्रिय लिलीवन्स,

आपलं नवं वर्ष तुम्हाला गोड जावो. गव्हाच्या चिकाचा हलवा केला होता. थोडा करपला.

हे पत्र पोस्टाने नाही, बेनीकाकांचा जावई रूबेन उद्या निघतोय, त्याच्या हाती देते आहे. शुक्रवारी सकाळी तुम्हाला मिळेल. तुमच्या घरात मराठी वाचणाऱ्या तुम्ही एकट्याच, म्हणून फोनपेक्षा हे बरं. फोनवर मला मोठ्याने ओरडून सांगावं लागलं असतं आणि ते मला जमलं नसतं.

तुम्ही तिकीट काढल्याचं कळलं.

वन्स, वही बाईंडरकडे नाही. समाधानकडे मी कधी गेलेच नाही. त्या बिचाऱ्याचं नाव उगाच घेतलं.

मागच्या वर्षी ऑक्टोबरात ह्यांनी पुस्तकं आवरायला काढली. फाटक्या प्रार्थनापुस्तकांचा एक गठ्ठा खालच्या खणात ठेवला. देवाचं नाव असलेला कागद आपण रद्दीत घालत नाही, जमिनीत पुरतो, त्यासाठी. चांगल्या पुस्तकांना मी खाकी कव्हरं घालत होते. सासूबाईंच्या वहीलाही घातलं. ह्यांना म्हटलं, वर नाव टाका. तर म्हणाले, "डिंक ओला आहे, उद्या टाकतो." तोवर वाळायला म्हणून वही खालच्या खणात, त्या गठ्ठ्यावरच ठेवली. त्याच संध्याकाळी छातीत कळ आली आणि ते दवाखान्यात गेले. नाव टाकायचं राहिलं.

वसुबारसेच्या दिवशी ते गेले. घरात माणसं, बाहेर फटाके. इगतपुरीला उजेडात पोचायचं म्हणून घाई होती. बेनीकाका दारात येऊन म्हणाले, "हन्ना, फाटकी पुस्तकं ठेवलीत म्हणत होता सायमन. त्याच्याबरोबरच जाऊ देत, त्याला आवडेल." मी बसल्या जागेवरून बोट दाखवलं. खालचा खण. अंजलीबाईंनी गठ्ठा बांधायला घेतला.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बेनीकाकांना वाटतं वही कपाटात आहे. अंजलीबाईंच्या लक्षात नसेल. पण माझ्या आहे. त्यांनी एक वही हातात धरून मला विचारलं होतं, "हन्नाताई, हीसुद्धा? हिला तर नवीन कव्हर आहे." मी मान वर केली नाही. मीच म्हणाले, "सगळं न्या."

चुकून गेली असं म्हणता येईल. मी स्वतःला सहा महिने तसंच सांगितलं. पण मला विचारलं होतं, वन्स. एकदा बघितलं असतं तर झालं असतं.

मार्चमध्ये मी लायब्ररी पुन्हा उघडली तेव्हा कळलं. दोन्ही कपाटं तीनदा रिकामी केली. मग बेनीकाकांना आडून विचारलं, पुरलेलं पुस्तक परत काढता येतं का. म्हणाले, "माणूस काढतो का आपण? मग?" तरी मी एप्रिलमध्ये एकटी इगतपुरीला जाऊन आले. ह्यांच्या पायाशी तो वेगळा खड्डा आहे, वर साधी फरशी. तासभर बसले. राखणदार म्हणाला, "काय पाहिजे, बाई? पानी देऊ का?" मी नको म्हटलं आणि परत आले. फरशीला हात लावला नाही. त्यानंतर तिथला अख्खा पावसाळा होऊन गेला. आता खाली कागद उरला नसेल.

तुम्ही इथून जाताना ती वही भावाकडे का ठेवलीत ते मला माहीत आहे. तिकडे नेली तर माझ्यानंतर कुणी वाचणार नाही, सायमनकडे राहील तर राहील, असं तुम्ही म्हणाला होतात. पन्नास वर्षं राहिली. माझ्या हातून गेली.

मंगळवारी संध्याकाळपासून किपूरचा, माफी मागायचा उपास. सासूबाई त्याला दारं लावायचा सण म्हणायच्या. पहिल्या वर्षी मला म्हणाल्या होत्या, "देवाचं देव बघून घेईल गं. पण माणसाचं केलेलं माणसाकडेच जाऊन मागावं लागतं, आणि दार लागायच्या आत." मी बत्तीस वर्षं शाळा खात्यात कारकुनी केली, माफीचे अर्ज पुष्कळ टाईप केले. स्वतःचा करता येत नाही. चूक केली, आणि वर तुम्हाला दोन पत्रांत खोटं लिहिलं. तिकीट काढू नका असं सुचवलं ते तुमच्या गुडघ्यासाठी नव्हतं. या तिन्हींची माफी मागते.

पत्रिका मी अजून वाटल्या नाहीत. शुक्रवारी बेनीकाकांना सगळं सांगणार आहे. तुम्हाला आधी, म्हणून आज लिहिलं.

रूबेनजवळ एक पुडकं दिलं आहे. त्यात दोनशे पानी कोरी वही आहे. खाकी कव्हर घातलंय आणि या वेळी नाव आधी टाकलं, मग डिंक लावला. सासूबाई पुऱ्या तळताना म्हणायच्या त्या योसेफाच्या पदातली मला एकच ओळ येते, ती पहिल्या पानावर लिहिली आहे:

याकोब बाप वाट पाहे, अंगरखा घेउनी हाती

खालची ओळ मला आठवत नाही. ह्यांना येत होती. आता ती तुमच्याशिवाय कुणालाही येत नसेल. तुम्हाला जेवढं आठवेल तेवढं लिहा. नाहीच लिहावंसं वाटलं तर कोरीच परत आणा. पण या. माझ्यासाठी नको, ह्यांच्यासाठी या.

मंगळवारी सूर्य मावळायच्या आत तुम्ही फोन केलात तर मी फोनशेजारीच बसलेली असेन. बोलायचं नसेल तर नुसती एक रिंग देऊन ठेवा. पत्र वाचलंत एवढं मला कळेल. इथला सूर्य तुमच्या आधी मावळतो, तेवढं लक्षात ठेवा. आणि रिंग आली नाही तरी वीस तारखेला मी दार उघडं ठेवणार आहे.

सायमनच्या मागे राहिलेली,
हन्ना