अण्णांचा शिंगाडा

४ नोव्हें. ९८, बुध.
अण्णांनी परस्पर गावचं रिझर्वेशन काढलं. १४ तारीख, शनिवार संध्याकाळ. प्र.ला सोबत घेऊन स्टेशनवर गेले आणि मला आल्यावर सांगितलं. प्र. म्हणतो, सासरेबुवांना नाही कसं म्हणू? म्हणायचं होतंस!
"लेकीच्या घरी किती दिवस ऱ्हायचं गो? आता कोकण रेल्वे झाली, काळजी नको." काळजी रेल्वेची नाहीच. जुलैत विहिरीपाशी घसरून पडले, चार तासांनी शेजाऱ्याला कळलं. आई जाऊन जेमतेम महिना झाला होता. म्हणून तर इथे बडोद्याला आणलं.
तीन महिने झाले. पेपर वाचतात, गॅलरीत बसतात. मासे नाहीत. घरमालकीण हंसाबेन खाली राहतात, घर देतानाच अट घातली होती. जन्मभर खाडीकाठी राहिलेला माणूस वरण-भात निमूट खातो. तक्रार केली असती तर बरं वाटलं असतं.

५ नोव्हें.
त्यांच्या ट्रंकेत स्वेटर शोधताना तळाशी गरी सापडली. बांबूच्या तुकड्याला गुंडाळलेली दोरी, टोकाला दोन गळ. म्हणजे येतानाच आणली होती. तीन महिन्यांत एक शब्द नाही.
विचारलं तर म्हणाले, "असू दे. सवयीने टाकली." मग जरा वेळाने, "इथे नदी आहे ना जवळ?"
विश्वामित्रीत मगरी आहेत म्हटलं. खोटं वाटलं त्यांना.

७ नोव्हें., शनि.
उद्या मही नदीवर जायचं. सिंधरोटला. मी तरी कुठे पाहिलीय! अकरा वर्षं बडोद्यात, नदी फक्त पुलावरून. प्र.ची पहिली पाळी आहे, तो कंपनीच्या बसने जाईल, कायनेटिक मला.
अण्णांनी मागच्या कुंडीतून गांडुळं काढली. माझा मोगरा उपटून.

८ नोव्हें., रवि.
साडेपाचला निघालो. अण्णा मागे, मांडीवर गरी बांधायला घेतलेली बांबूची काठी आडवी. सुभानपुऱ्यातून बाहेर पडेपर्यंत एका रिक्षावाल्याशी भांडण, काठी त्याला लागली. थंडी चांगलीच. सिंधरोटला पोचलो तेव्हा उजाडत होतं. नदी केवढी रुंद! आणि दोन्हीकडे उंच मातीच्या भेगाळलेल्या घळी, इथे कोतरं म्हणतात. अण्णा उतरले आणि नुसते बघत राहिले. मी म्हटलं, टाका ना गरी. "थांब. ओळख नाही अजून."
मग टाकली. तास गेला. गांडुळं कुरतडली जात होती, लागत काही नव्हतं. जागा बदलली, परत बदलली. मला वाटायला लागलं, उगाच आणलं, आता यावरूनही मन उडेल.
थोडं पलीकडे रावजीभाई म्हणून एक म्हातारा बसला होता, गावातलाच. बराच वेळ बघत होता. शेवटी उठून आला.
"दादा, आ तमारा दरियानी माछली नथी. आ तो लोट खाय, लोट!"
चण्याचं पीठ, त्यात हिंग, घट्ट मळलेलं. अण्णांनी वास घेतला. "गुजराती मासा. पिठाला लागतो म्हणे. उद्या फाफडा मागेल!" पण हसले नाहीत, त्याच्या शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "दाखवा, गोळी केवढी करायची." अण्णांनी कुणाला काही शिकवा म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. गावात लोक त्यांना विचारायला यायचे.
साडेआठला लागला. शिंगाडा. चांगला हातभर, मिशा हलवत. अण्णांनी काटे चुकवून हातात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. घरी न्यायचा का, एवढंच. फार वाईट वाटलं.
त्यांनीच तो रावजीभाईंना दिला. "तुझ्या घराला त्रास नको."
घरी पोचलो.
फाटकात हंसाबेन. "दादा, नदीए गया'ता? शुं लाव्या?"
अण्णा सरळ माणूस. "शिंगाडा गावला. पण तिथेच देऊन टाकला."
आता घर जातंय.
"अरे वाह, शिंगोडां! आवता रविवारे अगियारस छे, मारा माटे पण लेता आवजो हं, दादा!"
अण्णांनी मान डोलावली. जिन्यात मला हळूच म्हणाले, "बाई एकादशीला खाते?"
वर येऊन दार लावलं आणि सांगितलं त्यांना, की तिचा शिंगाडा पाण्यातला खरा, पण उपासाचा. अण्णा हसत हसत खालीच बसले, डोळ्यांतून पाणी. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

९ नोव्हें.
अण्णा सकाळीच, "शब्द दिलाय मी तिला. रविवारचा." मी म्हटलं, गाडी शनिवारची आहे. "हो की," म्हणाले आणि पेपर उघडला.
प्र. म्हणतो, तू काही बोलू नकोस. नाही बोलणार. बोलले की सगळं बिघडतं माझ्याकडून.

१२ नोव्हें., गुरु.
शाळेत शिकवून घरी आले तर ट्रंक भरलेली, पट्टा आवळलेला. गरी मात्र गॅलरीत खिळ्याला. विसरले की...

१३ नोव्हें., शुक्र.
दुपारी अण्णा एकटे रिक्षाने खंडेराव मार्केटला जाऊन आले. किलोभर शिंगाडे, हिरवे, ताजे. थेट हंसाबेनला दिले. मी जिन्यात उभी होते. म्हटलं झालं, शब्द पाळला, मोकळे झाले. रडूच आलं.
खालून आवाज. "आ तो बजारनां छे, दादा! पेलां नदीवाळां क्यां?"
अण्णा काय बोलले, ऐकू आलं नाही.
वर आले, खुर्चीत बसले. बराच वेळ चप्पल काढली नाही.
"बाई म्हणते, नदीचेच हवेत."
मी भाजी चिरत राहिले.
"काय गो, चण्याचं पीठ आज मळलं तर रविवारपर्यंत टिकतं?"
"टिकतं," म्हटलं. मला काय माहीत!
हिंग काढून ठेवलाय. गाडी उद्या संध्याकाळी सातची.