तिसऱ्या प्रकरणातली चूक

नागपूर, ५ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला गेले की रडूच येते, म्हणून लिहिते. माझ्या प्रबंधात चूक सापडली. मलाच. सहाचे विभाजक एक, दोन, तीन, सहा. म्हणजे चार विभाजक, बेरीज बारा. बाराला चाराने पूर्ण भाग जातो. अशा संख्यांच्या मालिकेमागे मी पाच वर्षं लागले. दोन संख्या गुणल्या की त्यांच्या विभाजकांची संख्याही गुणली जाते, असं तिसऱ्या प्रकरणात एका ओळीत सरसकट धरून बसले. दोन्हींत सामाईक अवयव असेल तर ते खोटं ठरतं. दोनाचे विभाजक दोन; त्या हिशेबाने दोन दुणे चाराचे चार हवेत, पण आहेत तीनच! पुढचं सगळं त्याच ओळीवर उभं आहे. मार्गदर्शक सरांची सही झाली, गुरुवारी २२ला तोंडी परीक्षा. अजून कोणाला दिसलेलं नाही. घास उतरत नाही. खिडकीशी उभं राहायचीही भीती वाटते. काय करू?

तुझी रिता

कोंढा, १० फेब्रुवारी

चि. रितास अनेक आशीर्वाद.

तुयं पत्र भेटलं. आधी खिडकी लाव, अन् खोलीतल्या पोरीजवळ झोपत जा. चूक कोणाले दिसली नाई, तं चूप राय ना बाई! पवनीच्या कॉलेजातली जागा या डिग्रीसाठीच थांबली हाये. माई रिता डॉक्टर होऊन राहिली, असं आई गावभर सांगते. काल शेजारची देवकाबाई तुले गुडघे दाखवाले घरी येऊन बसली!

जेवत जा. आमाले जीव लावते तसाच लावत राय.

तुया दादा, इश्वर

नागपूर, २३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकायचं ठरवूनच गेले होते. परीक्षकांनी नेमकं तिसरं प्रकरण वाखाणलं, ते मला सहन झालं नाही. उठून फळ्यावर चूक मांडली. सर खाली मान घालून बसले. परीक्षक म्हणाले, हे प्रकरण नव्याने लिहा, वर्षभराने या. पवनीची जागा गेलीच. आईला तोंड कसं दाखवू? घरी येऊ की नको, तेवढं कळव. राग धर, माया सोडू नको.

रिता

कोंढा, २७ फेब्रुवारी

चि. रितास आशीर्वाद.

राग आलाच. मंग आईले सांगितलं. तिनं विचारलं, पोरगी खोटं बोलली का? म्हटलं, बोलली नाई म्हणून तं हे झालं. आई म्हणे, मंग ती तिथं एकटी कायले रडून राहिली?

हे पत्र पेटीत टाकतो अन् पवनीहून नागपूरची बस धरतो. पत्राआधी मीच पोचीन. दार उघडजो.

इश्वर