चोवीस शब्दांची राखण

प्रिय सुजय,

हे पत्र तुझ्या कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात पाठवतेय. पुढच्या बंदरात जो कोणी तुमच्या बोटीवर चढेल त्याच्याबरोबर ते तुला मिळेल, असं तिथला माणूस म्हणाला. फोन असताना ताईला पत्राचं खूळ कुठून आलं, असं म्हणू नकोस. त्या विषयावर फोनवर एक अक्षर बोलायचं नाही, हा नियम तूच घालून गेलास, आणि मला आता नेमकं त्याच विषयावर बोलायचंय. हात हल्ली लवकर भरून येतो, तेव्हा अक्षर वाकडंतिकडं आलं तर सांभाळून घे.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात आणि तोंड त्याहून जास्त. परवा बांगड्याचा भाव ऐकून कोळणीशी भांडली आणि तारली घेऊन घरी आली, मग जेवताना तारलीला काटे फार म्हणून माझ्याशी भांडली. मांडवीला संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांच्या गाड्या आता थेट आपल्या गल्लीत लागतात. तुझी खोली मी झाडून घेते, पण पंखा बिघडलाय आणि तो दुरुस्त करून घ्यायचा मला उत्साह नाही. कसलाच उत्साह नाही, खरं सांगायचं तर. थकलेय रे मी.

मागच्या सुट्टीत ओटीवर बसून तू माझी शिकवणी घेतली होतीस, आठवतं? साधी ब्लॉकचेन म्हणजे भर चौकात फळ्यावर लिहिलेला हिशेब, म्हणालास. नाव नसलं तरी कोणी कुठे किती पाठवले ते जगाला दिसतं, आणि एकदा का तुझा पत्ता कोणाला कळला की मागचापुढचा सगळा कारभार उघडा पडतो. तू पैसे घातलेस त्या नेटवर्कवर मात्र व्यवहार खरा आहे एवढं सगळ्यांना तपासता येतं. कोणाचा, कोणाला, किती, हे कोणालाच दिसत नाही. जग जितकं दुसऱ्याच्या घरात डोकावेल तितकी या पडद्याची गरज वाढेल, म्हणून दहा वर्षं हात लावायचा नाही, असं तुझं गणित. पुढे काही ठिकाणच्या बाजारांनी त्या नेटवर्कचं डिजिटल नाणं विकायला ठेवणंच बंद केलं, भाव धाडकन पडला, तरी तू ढिम्म. सरकारांना पडदा आवडत नाही हा धोका तूच मला समजावून सांगितलास, वर दोन लाडू खाल्लेस.

मी तेव्हा हसले नाही, कारण तुझं म्हणणं मला पटलं होतं. पतपेढीच्या खिडकीत जन्म गेलाय माझा. बाबांचा फंड आला तेव्हा पासबुकावरची शाई वाळायच्या आत सगळ्या वाडीला कळलं होतं, आणि ज्यांनी बाबा आजारी असताना उंबरा ओलांडला नव्हता ते चहाला येऊन बसले होते. आमच्या पतपेढीत ती गंगुबाई येते, सुकी मासळी विकणारी. तिचं पासबुक तिच्या घरी नसतंच, माझ्या खणात असतं. मुलांना आकडा दिसला तर तो होडीच्या इंजिनात जाईल, आणि तिला तर स्वतःची एक खोली बांधायचीय. "ता तुज्याकडंच ऱ्हाऊदे गो बाय," एवढंच म्हणते आणि निघून जाते. लोकांना पडदा लागतो, तो काही चोरांनाच लागतो असं नाही, हे मला गंगुबाईमुळे कळतं. तेव्हा तुझा डाव चुकीचा आहे असं सांगायला मी बसलेली नाही. पण गंगुबाईचा पडदा म्हणजे माझा खण, आणि तुझ्या त्या जगभर पसरलेल्या नेटवर्कचा पडदासुद्धा शेवटी मीच, याचा विचार तू केला नाहीस.

कागद नको, फोटो नको, फोन नको म्हणून त्या पैशांच्या कुलपाची किल्ली असलेले ते चोवीस इंग्रजी शब्द माझ्याकडून घोकून घेतलेस आणि चिठ्ठी गॅसवर धरून जाळलीस. हे शब्द हरवले तर कुठली बँक, कुठलं कोर्ट पैसे परत देऊ शकत नाही, हे असं छाती फुगवून सांगितलंस, जणू त्यात काही भूषण आहे! स्वतः पाठ करायला काय झालं होतं तुला? पण तुझी गाडी पंचशीलाच्या पुढे कधी गेलीय? विहारात बाबांच्या शेजारी बसून सगळं पाठ असल्यासारखे नुसते ओठ हलवायचास, आणि मागून मला ते दिसायचं, हसू दाबताना पोट दुखायचं. पाठांतर ताईचं, फळ सुजयचं, हे तेव्हापासूनच चालू आहे.

आता घडलं ते ऐक, आणि डोक्याला हात लावू नकोस. शब्द विसरू नयेत म्हणून मी ते रोज दिवेलागणीला वंदना झाली की पुटपुटायचे. शेजारी आई डोळे मिटून. तिचं पाठांतर कसं आहे तुला माहीत आहे. छप्पन सालानंतर आजोबांनी लहानग्या पोरीला कानावरूनच सगळी पाली सूत्रं शिकवली. अर्थ मागाहून कळला, काहींचा अजून कळायचाय. एका संध्याकाळी तिने डोळे न उघडता विचारलं, "ह्या नवा कंचा गो?" मी गडबडले आणि म्हणाले, सुजयसाठी आहे. खोटं नव्हतं ते. "मग मी पन म्हंतंय," म्हणाली, आणि महिन्याभरात रिव्हर, लॅडर, ऑर्चर्ड सगळे तिच्या सुरात बसले. तिला वाटतं, तुझी बोट सुखरूप राहावी म्हणून ते म्हणायचं असतं. वैशाख पौर्णिमेला विहारात बाया जमलेल्या, वंदना संपली आणि हिने सुरुवात केली की! मी तिच्या पायावर पाय दिला. ही फक्त घरात म्हणायची, असं नंतर समजावलं, तेव्हापासून घराबाहेर तोंडातून ब्र काढत नाही. पण घरात एक दिवस चुकवत नाही. ताप असला तरी उठून बसते.

गणपतीच्या सुट्ट्यांच्या सुमाराला मी लॅडरपाशी अडखळले. पुढचा शब्द आठवेना. आईने तो सहज म्हटला आणि पुढे गेली. दुसऱ्या आठवड्यात दोन शब्द गेले. मग पतपेढीत गंगुबाई समोर उभी असताना मला तिचं नाव आठवेना, आणि तिने माझ्याकडे बघितलं ते मला अजून दिसतं.

सुजय, माझ्या डोक्यात गाठ आहे. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी स्कॅन बघून सांगितलं, दिवाळीनंतर लगेच ऑपरेशन. वाचायची शक्यता चांगली आहे म्हणाले, पण बोलणं आणि आठवण यांचं आत्ता काही सांगता येत नाही. आईला फक्त डोकेदुखी सांगितलीय. मला भीती वाटते रे, आणि ती एकटीने सांभाळून ठेवण्याइतकं बळ उरलेलं नाही. तुझे शब्द माझ्याकडे आता धड नाहीत. ते पुरे फक्त आईकडे आहेत, आणि ती ते फोनवर म्हणणार नाही, नुसते विचारून सांगणार नाही. पहिल्यापासून वंदना झाल्याशिवाय तिला ते आठवतच नाहीत, मी करून बघितलंय. ती म्हणताना मी कागदावर उतरवून घेतले असते, पण कागद नको हा नियमही तुझाच. दहा वर्षांचं गणित तुझं तू कर, पण साइन ऑफ करून, बोटीवरून उतरून, ऑपरेशनच्या आधी घरी ये. दिवेलागणीला तिच्या शेजारी बस, मी असेन तर माझ्याही. आणि या वेळी नुसते ओठ हलवू नकोस.

तुझीच, वाट बघणारी,
राजश्रीताई